भीक नको, हिशेब द्या!

(तिआनआनमेनच्या मातांविषयीं स्त्रियांच्या सभेंत केलेलें भाषण)



स्त्रियांच्या धैर्यावर बोलावें अशी चालकांची आज्ञा झाली. असला विषय निघाला म्हणजे आमच्या पंडितांची जीभ आधीं पोथीकडे वळते. नवऱ्याच्या चितेवर चढलेल्या सतीची गोष्ट ते सांगतात, ऐकणाऱ्या बायांच्या डोळ्यांना पाणी आणतात आणि दक्षिणा घेऊन घरीं जातात. आम्ही त्या वाटेनें जाणार नाहीं. मेलेल्याच्या मागें बाईनें मरावें ही शिकवण ज्यांनीं दिली त्यांना ती लखलाभ असो. मेलेल्याच्या मागें जी बाई जगली, आणि मारणाराच्या दारांत तीस-पस्तीस वर्षें उभी राहून 'माझें पोर कां मारलेंस?' एवढेंच विचारीत राहिली, तिची हकीकत आज सांगावयाची आहे. ती एकटी नाहीं. चीनच्या राजधानींत, बीजिंग शहरांत, अशा बायांचा एक मेळाच आहे. जग त्यांना 'तिआनआनमेनच्या माता' म्हणतें.

तुम्ही म्हणाल, चीन कोठें आणि आपण कोठें? आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं त्याच देशांत जखमी शिपायांची शुश्रूषा करावयास गेले आणि १९४२ सालीं हेबै प्रांतांतल्या तांग तालुक्यांत तेथल्याच मातीला मिळाले. ज्यांच्या जखमा त्यांनीं बांधल्या ते शेतकऱ्यांचे पोरगे होते, आणि त्यांचीच फौज पुढें 'जनमुक्ति सेना' म्हणून नांवारूपास आली. १९८९ सालीं बीजिंगच्या लोकांवर गोळ्या झाडीत जी सेना पश्चिमेकडून शिरली ती ३८ वी. तिचा तळ त्याच हेबै प्रांतांत, कोटणीसांनीं डोळे मिटले त्याच भागांत, बाओडिंग येथें होता. गरिबांची म्हणून उभी राहिलेली फौज गरिबांवर उलटली. तेव्हां ही गोष्ट आपल्याला अगदींच परकी नाहीं.

झालें तें थोडक्यांत सांगतों. त्या सालच्या एप्रिलांत हू याओबांग नांवाचा जुना पुढारी वारला. विद्यार्थ्यांना तो जवळचा वाटे. त्याचा शोक करावयास मुलें तिआनआनमेन चौकांत जमलीं आणि शोकांतून मागण्या निघाल्या. अधिकाऱ्यांची लांचखोरी थांबवा, त्यांच्या पोरांनीं मांडलेले धंदे उघडे करा, वर्तमानपत्रांना बोलूं द्या, आमच्याशीं समोरासमोर बोला. सरकारी पत्रानें ता. २६ एप्रिल रोजीं या सर्वांस 'दंगल' असें नांव ठेविलें. मुलांनीं ता. १३ मे रोजीं उपोषण मांडलें, ता. २० रोजीं सरकारनें शहरांत लष्करी कायदा पुकारला. तेव्हां कारखान्यांतले कामगार, दुकानांत राबणारे, गल्लीबोळांतल्या म्हाताऱ्या रस्त्यावर उतरल्या आणि फौजेच्या गाड्यांपुढें उभ्या राहिल्या. दोन आठवडे या साध्या माणसांनीं फौज अडवून धरली. ही गोष्ट ध्यानांत ठेवा, पुढें तिचें काम पडणार आहे. ता. ३ जूनच्या रात्रीं फौज पुन्हां निघाली ती रणगाडे आणि भरलेल्या बंदुका घेऊन. चौकाचें नांव जगभर झालें खरें, पण बहुतेक माणसें मेलीं तीं चौकाकडे येणाऱ्या रस्त्यांवर.

त्या रात्रीं पश्चिमेकडील मुशीदी नाक्यावर एक पोरगा पडला. जियांग जिएलियान त्याचें नांव. आदल्याच दिवशीं त्याला सतरा वर्षें पुरीं झालीं होतीं. त्याची आई डिंग झिलिन ही रेनमिन म्हणजे 'जनता' विद्यापीठांत तत्त्वज्ञान शिकवी. बापहि तेथेंच प्राध्यापक. गोळीबार होणार अशी कुणकुण लागतांच आईबापांनीं पोराला घराबाहेर पडूं दिलें नाहीं. पोर न्हाणीघरांत शिरलें, आंतून कडी लावली आणि खिडकींतून उडी टाकून गेलें. पाठींत गोळी लागून तें मेलें. पाठींत, हें आम्ही मुद्दाम सांगतों. कारण समोरून चालून येणाऱ्या दंगेखोराच्या पाठींत गोळी लागत नाहीं. त्याची राख त्या बाईनें पुरली नाहीं, घरांतच ठेविली. स्वतःचा जीव द्यावा असें तिला एकदां नव्हे, अनेकदां वाटलें आणि तिनें तसा प्रयत्नहि केला. हें तिचें तिनेंच सांगितलें आहे. धैर्य धैर्य म्हणून आपण जें म्हणतों तें असल्या रात्रींतून वर येतें, पोथींतून नव्हे.

दुसरी बाई झांग शियानलिंग. ही विमानें-अग्निबाणांच्या खात्यांतली इंजिनिअर. तिचा मुलगा वांग नान एकोणीस वर्षांचा, शाळेंत शिकणारा, तसबिरी काढण्याचा नादी. तो कॅमेरा घेऊन, डोक्यावर शिरस्त्राण घालून बाहेर पडला आणि पहाटेपूर्वींच चौकाच्या अगदीं जवळ, नानचांग रस्त्याच्या तोंडाशीं गोळी लागून कोसळला. पुढें आईनें एकेक साक्षीदार शोधून काढला. त्यांनीं तिला सांगितलें कीं, पोर लगेच मेलें नव्हतें. लोक त्याला उचलावयास धांवले, शिपायांनीं त्यांना मागें हटविलें. एका म्हातारीनें गुडघे टेकून, 'अहो, लेंकरूं आहे तें, नेऊं द्या' म्हणून पदर पसरला. दंगेखोर आहे तो, असें म्हणून तिलाहि घालवून दिलें. रुग्णवाहिका आली ती परत गेली. पोर रस्त्यावर रक्त जाऊन मेलें. मग शिपायांनीं तेथल्याच एका शाळेपुढच्या हिरवळींत उथळ खड्डा खणून इतरांबरोबर त्याला पुरलें. कांहीं दिवसांनीं पाऊस झाला, माती खचली, दुर्गंधि सुटली, तेव्हां तीं प्रेतें वर काढावीं लागलीं. वांग नानच्या अंगावर जुना फौजी पोशाख आणि पट्टा होता. हा आपलाच कोणी शिपाई असेल या शंकेनें त्याला इस्पितळांत पाठविलें, म्हणून तो आईला सांपडला. तो पट्टा नसता तर ती माउली आजहि त्याला शोधीत असती.

या दोन बाया कांहीं महिन्यांच्या आंत एकमेकींना भेटल्या. दुःखी माणसाला दुसरें दुःखी माणूस भेटलें म्हणजे पहिल्यानें रडें येतें, मग बोलणें येतें, आणि मग प्रश्न येतो: आपल्यासारखीं आणखी किती? या प्रश्नांतून सगळें काम उभें राहिलें. कामाचें स्वरूप काय, तर यादी करावयाची. मेलेला कोण, वय किती, काय करीत असे, कोठें पडला, कोणत्या इस्पितळांत नेला, मागें कोण राहिलें. एवढेंच! ना दौंडी, ना झेंडा, ना बंदूक. कोणाकडून एखादें अर्धेंमुर्धें नांव कळावें, त्यावरून गल्ली शोधावी, तेथें जावें तों जुनीं घरें पाडून टाकलेलीं, कुटुंब भलतीकडेच गेलेलें. दार सांपडलें तरी आंतलें माणूस भ्यालेलें. मागें पोलीस. अशा रीतीनें एकेक नांव जोडून ती यादी २०२ वर आली. हा सर्व मृतांचा आंकडा आहे असें त्या बायांनीं कधींच म्हटलेलें नाहीं. ज्यांची शहानिशा आपल्या हातानें झाली तेवढींच नांवें त्यांनीं घातलीं.

आतां सरकारचा हिशेब पहा. ता. ३० जून १९८९ रोजीं बीजिंगचे नगरप्रमुख चेन शितोंग यांनीं जो अहवाल वाचला त्यांत नागरिक मेले ते दोनशेंहून अधिक, आणि त्यांत विद्यार्थी छत्तीस, असें सांगितलें. बंधूंनो, या वाक्याकडे जरा थांबून पहा. विद्यार्थी छत्तीस हें मोजून सांगितलें. बाकीचे कोण? बाकीचे म्हणजे बाकीचे! पेनवाला मेला तर त्याची मोजणी होते, हातोडेवाला मेला तर तो 'हून अधिक' मध्यें जातो. हा रोग एकट्या चीनचा असता तर आम्ही येथें तोंड उघडलें नसतें. चळवळीचा जयजयकार झाला कीं नांव शिकलेल्यांचें, आणि गोळी लागली कीं छाती राबणाराची, हें आमच्या समाजानें कमी पाहिलेलें नाहीं. तेथेंहि तसेंच झालें. देहांताची शिक्षा कोणाला झाली? शांघायमध्यें ता. २१ जून रोजीं आगगाडी जाळल्याच्या आरोपावरून तिघांना मारलें; त्या गाडीनें आधीं रुळांवरच्या लोकांना चिरडलें होतें. त्या तिघांत दोघे कारखान्यांतले कामगार, एक बेकार. विद्यार्थी पुढाऱ्यांपैकीं कांहीं तुरुंगांत गेले, कांहीं परदेशांत निसटले. त्यांच्या मुलाखती जगानें छापल्या. त्यांनीं सोसलें नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. पण दोन आठवडे फौज ज्यांनीं आपल्या छातीवर अडवली त्यांची तसबीर कोठें आहे?

ती या बायांच्या यादींत आहे. त्या यादींत विद्यापीठाचा पोरगा आणि कारखान्याचा मजूर एका खालीं एक येतात. नऊ वर्षांचें प्राथमिक शाळेंतलें पोर आहे, डॉक्टर आहे, आणि घरचा एकटा कमावता असा कामगारहि आहे. प्राध्यापकबाईनें स्वतःच्या मुलाचें नांव सोन्याच्या अक्षरांनीं वर काढलें नाहीं. मेलेल्यांत वरची पंगत आणि खालची पंगत तिनें मांडली नाहीं. शिकलेल्या बाईनें आपल्या शिक्षणाचा याहून चांगला उपयोग केल्याचें उदाहरण आम्हांला तरी फारसें ठाऊक नाहीं.

१९९१ सालीं पंतप्रधान ली पेंग यांना परदेशी बातमीदारांनीं मृतांच्या यादीविषयीं विचारलें. त्यांचें उत्तर असें कीं, नातेवाइकांनाच नांवें प्रसिद्ध व्हावयास नको आहेत, त्यांच्या इच्छेचा मान राखला पाहिजे. चोरानें म्हणावें, घरधन्याचीच फिर्याद द्यावयाची इच्छा नाहीं! डिंगबाईंच्या तळपायाची आग मस्तकांत गेली. त्यांनीं एका अमेरिकन दूरचित्रवाणी कंपनीच्या माणसांपुढें उभें राहून सांगितलें कीं, मी आई आहे, माझ्या मुलाचें नांव हें, आणि तें लपवावें असें मला कोणीं विचारलेलें नाहीं. याचें बक्षीस म्हणून त्यांना चाळीसांहून अधिक दिवस स्थानबद्ध केलें, पक्षांतून काढलें, शिकविणें बंद झालें. 'जनता' विद्यापीठांत जनतेच्या आईला जागा उरली नाहीं.

त्यांच्या मागण्या तीन. खरें काय झालें तें सांगा. नुकसानीची भरपाई द्या. आणि ज्यांनीं हुकूम दिला त्यांना कायद्यापुढें उभें करा. सत्य पहिलें, पैसा दुसरा, हा क्रम त्यांनीं बदलूं दिलेला नाहीं. जोतीरावांचें नांव घेणाऱ्या आम्हां मंडळींना हा क्रम कां, हें समजावून सांगावयास नको.

सरकारला मात्र मधली एकच मागणी सोयीची वाटली, आणि तीहि चोरून. दक्षिणेकडील चेंगदू शहरांत एका बाईचा पंधरा वर्षांचा मुलगा त्याच जूनमध्यें पोलिसांच्या कोठडींत मार खाऊन मेला होता. ती वर्षानुवर्षें कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवीत राहिली. सतरा वर्षांनीं, २००६ सालीं, तिच्या हातांत सत्तर हजार युआन ठेवले. कागदावर लिहिलें काय? 'अडचणींत सांपडलेल्यास मदत.' म्हणजे जसा पूर आला, जशी विहीर आटली, तसें पोर मेलें! त्या गरीब बाईस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. पोटाची खळगी ज्याची त्याला ठाऊक. पण या शब्दाची गोम तुम्हीं ओळखली पाहिजे. भीक घालणाराचा हात वर राहतो आणि देणें फेडणाराचा हात खालीं राहतो. रक्कम तीच असली तरी हात कोठें आहे यावर सगळें आहे. २०११ सालीं बीजिंगमधल्या एका कुटुंबाकडे पोलीस खात्याचा माणूस गेला आणि किती रक्कम दिली म्हणजे मिटेल, असें खाजगींत विचारूं लागला. काय झालें, कोणीं केलें, याविषयीं अवाक्षर नाहीं. मातांनीं काय केलें? त्यांनीं आपल्या त्या सालच्या जाहीर पत्रांत ही गोष्ट छापून टाकली. एकेकीला कोपऱ्यांत गांठून सौदा करावयाचा डाव तेथेंच फसला.

कोणी म्हणेल, या बाया कायदा हातांत घेतात. उलट कायदा हातांत धरून त्या दारोदार फिरतात! त्यांच्याच देशाची घटना, त्यांच्याच देशाचा फौजदारी कायदा. १९९९ सालीं शंभरांहून अधिक कुटुंबांच्या वतीनें त्यांनीं सर्वोच्च सरकारी वकिलाच्या कचेरीकडे रीतसर अर्ज दिला कीं, ली पेंग व इतर जबाबदार अधिकाऱ्यांची चौकशी करा. जोडीला साक्षी दिल्या. अर्ज गिळून कचेरी स्वस्थ बसली. २००४ च्या मार्चअखेर डिंगबाई, झांगबाई आणि आणखी एक विधवा अशा तिघींना राष्ट्राच्या सुरक्षिततेस धोका म्हणून पकडून नेलें आणि कांहीं दिवसांनीं सोडलें. लाखोंच्या फौजेचा, अणुबॉम्बचा धनी असलेलें राष्ट्र, आणि त्याला धोका कोणाचा? तीन दुःखी बायांचा!

आमच्याकडचे कांहीं शहाणे म्हणतात, 'अहो, त्या वेळीं कडक धोरण ठेविलें म्हणून तर चीन श्रीमंत झाला. झालें तें झालें.' शहाण्यांना आमचा एकच प्रश्न आहे. त्या रात्रीं तुमचा पोरगा मुशीदीच्या नाक्यावर असता तर देशाच्या श्रीमंतीकरितां तुम्हीं तो हंसत हंसत दिला असता काय? दुसऱ्याच्या लेंकराचा बळी देऊन आपल्या शेताला पाऊस मागणारे पुरोहित आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. आणि सरकारला जर आपल्या कृत्याचा एवढा अभिमान असेल तर तें लपवितें कां? आरंभीं त्याचें नांव 'प्रतिक्रांतिकारक बंड' असें होतें. मग हळूच तें 'राजकीय वादळ' झालें. आतां तेथल्या शाळांच्या पुस्तकांत आणि पत्रांत त्याचा उच्चारहि होत नाहीं. बंड होतें तर वादळ कां झालें, आणि वादळ होतें तर पोरांच्या पाठींत गोळ्या कोठून आल्या?

एक गोष्ट राहिली. त्या रात्रीं शिपाईहि मेले. चिडलेल्या लोकांनीं कांहींना जाळलें, मारलें. तेहि खेड्यांतल्या शेतकऱ्यांचेच मुलगे होते. सरकारनें त्यांना 'प्रजासत्ताकाचे रक्षक' ही पदवी देऊन गौरविलें. त्यांच्या आयांचें दुःख लहान नाहीं. पण एका आईला बिल्ला द्यावयाचा आणि दुसरीला शोक करण्याचीहि बंदी करावयाची, ही राज्य करण्याची रीत कोणती? झांगबाईंनीं सांगितलें आहे कीं, मुलगा पडला त्या जागेकडे तोंड करून एक कॅमेरा बसविलेला आहे. दर ४ जूनला कांहीं आईबाप बीजिंगच्या वानआन स्मशानांत जमतात तेव्हां भोंवतीं पोलीस असतात. म्हाताऱ्यांनीं तरुणांना पोंचवावें याहून मोठें दुःख नाहीं असें चिनी लोकांत जुनें बोलणें आहे. येथें तर पोंचविण्यासहि पहारा. २०१२ च्या मे महिन्यांत यांपैकींच एका त्र्याहत्तर वर्षांच्या बापानें तेवीस वर्षें वाट पाहून गळफास घेतला.

हाँगकाँगमध्यें १९९० पासून दरसाल त्या रात्रीं हजारों लोक व्हिक्टोरिया बागेंत मेणबत्त्या लावीत. २०२० सालीं साथीच्या निमित्तानें त्यावर बंदी आली, २०२१ सालीं ती भरविणारी संस्थाच मोडली, तिचे पुढारी तुरुंगांत गेले. चीनच्या भूमीवरचा तो एक मोठा उजेडहि विझला.

पण मातांचें पत्र बंद पडलेलें नाहीं. १९९५ पासून दरसाल चीनच्या प्रतिनिधिसभेच्या व सरकारच्या नांवें तें निघत आलें आहे. उत्तर एकाहि पत्राला नाहीं. पत्राच्या खालीं सह्या असतात. हयात असलेल्यांच्या सह्या संपल्या म्हणजे तेथें दुसरी यादी लागते: न्यायाची वाट पाहतां पाहतां जे आईबाप मेले त्यांचीं नांवें. तीं साठांच्या पुढें गेलीं आहेत. वरची यादी सालोसाल आंखडते, खालची लांबते. सही करणारीं मेलीं तरी त्यांचीं नांवें पत्रावरून काढावयाचीं नाहींत, असें त्या बायांनीं ठरविलें आहे. डिंगबाईंचे यजमान जियांग पैकुन, जे यादीसाठीं गल्लोगल्ली त्यांच्याबरोबर हिंडले, ते २०१५ सालापासून खालच्या यादींत आहेत.